परसातली बी : ओळख पटल्याशिवाय तोंडात नको



परसबागेवर आपण या कार्यक्रमात बरंच बोललो. वाफे कसे करायचे, सांडपाणी कुठे वळवायचं, शेवगा कुठे लावायचा, हे सगळं झालं. आज मात्र आपण न लावलेल्या झाडांबद्दल बोलायचं आहे. कुंपणाला कोणी तरी कधी तरी लावलेलं झाड, पाखरानं टाकलेल्या बीचं झाड, ओढ्याच्या कडेनं आपोआप वाढलेलं झाड. अशा झाडांच्या बिया परसात पडतात, मुलं त्या गोळा करतात, फोडतात आणि आतला पांढरा गर बघून खातात.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी पदराच्या गाठीत बांधून चार-पाच तऱ्हेच्या बिया आणल्या होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता : "यातली कुठली खायची आणि कुठली नाही?" बैठकीला वीसेक जणी होत्या. एकाच बीला तिघींनी तीन नावं सांगितली, आणि एका बीबद्दल निम्म्या म्हणाल्या खातात, निम्म्या म्हणाल्या विषारी आहे. म्हणून आजचा विषय हाच घेतला.

नावावर जाऊ नका

पहिली गोष्ट, नुसत्या नावावर विसंबून राहू नका. 'रानबदाम' किंवा 'जंगली बदाम' हे नाव आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या झाडांना लावतात. काही ठिकाणी तर चंद्रज्योतीची बी मुलांमध्ये 'बदाम' म्हणूनच चालते. मोगली एरंड, रानएरंड, चंद्रज्योत ही एकाच झाडाची नावं, आणि साधा एरंड हे वेगळं झाड. गाव बदललं की नाव बदलतं. माहेरी ज्याला एक म्हणतात त्याला सासरी दुसरंच म्हणतात. म्हणून नाव विचारा, पण खूण स्वतः बघा.

बी हातात घेण्याआधी चार गोष्टी बघा

नुसत्या बीवरून ओळख पटवणं अवघड असतं. बी ज्या झाडाची आहे ते झाड शोधायचं आणि क्रमानं चार गोष्टी बघायच्या.

१) पान. साधं की हाताच्या पंजासारखं फाटलेलं? कडेला दाते आहेत का? पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक?

२) चीक. कोवळी काडी मोडून बघा. पाण्यासारखा चीक येतो, दुधासारखा येतो, की काहीच येत नाही? हाताला लागू देऊ नका, आणि बघून झालं की हात साबणानं धुवा.

३) फळ. बाहेरून काटेरी आहे की गुळगुळीत? आत किती कप्पे, किती बिया? बी फळाच्या आत आहे की बाहेर चिकटलेली?

४) बी. रंग, ठिपके, टोकाला गाठ, कवच किती कठीण, आतला गर कसा.

पाचवी गोष्ट 'चव' असं कोणी म्हणेल. ती या यादीत नाही आणि कधीही घालायची नाही. चव घेऊन बी ओळखायची नसते. का, ते आता सांगते.

चंद्रज्योत : गोड लागणारं विष

चंद्रज्योतीचं झाड आपल्या प्रत्येकीनं पाहिलं आहे. शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत, काडी खोचली तरी जगते, म्हणून ते कुंपणाला लावतात. मूळ हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. आपल्याकडे ते जुन्या काळीच आलं. वीज नव्हती तेव्हा याच्या सोललेल्या बिया काडीला ओवून दिव्यासारख्या जाळत, त्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात. पुढे २००३ च्या सुमारास याच्या तेलापासून डिझेल करायची सरकारी योजना आली आणि बांधावर, पडीक जमिनीवर याची पुष्कळ लागवड झाली. डिझेलचं फारसं काही झालं नाही, झाडं मात्र राहिली. शाळेच्या कुंपणालाही राहिली.

खुणा अशा. पान हाताएवढं रुंद, हृदयासारखं, कडेला तीन ते पाच उथळ कोपरे. काडी मोडली की पाण्यासारखा चिकट चीक येतो. मुलं त्याचे फुगे उडवतात. कपड्याला लागला की तपकिरी डाग पडतो, तो निघत नाही. फळ आधी हिरवं, मग पिवळं, वाळल्यावर काळपट. साधारण आवळ्याएवढं किंवा थोडं मोठं, गुळगुळीत, काटे नाहीत. फोडलं की आत तीन कप्पे आणि बहुधा तीन बिया. बी काळी, लांबट, बोटाच्या पेराएवढी, वर बारीक भेगा. आतला गर पांढरा आणि तेलकट.

आणि हा गर चवीला शेंगदाण्यासारखा गोडसर लागतो. धोका इथेच आहे. कडू असता तर मुलानं एक खाऊन थुंकला असता. गोड लागतो म्हणून एक मूल दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला, आणि एकाच दुपारी एका वर्गातली दहा-पंधरा मुलं दवाखान्यात जातात. अशी बातमी आपल्या राज्यातल्या वर्तमानपत्रांत जवळजवळ दरवर्षी कुठून ना कुठून येते.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत घशात जळजळ, पोटात कळ, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. वेळेवर दवाखान्यात नेलं आणि अंगातलं पाणी कमी होऊ दिलं नाही तर बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत बरी होतात. पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी फार लवकर आटतं. "उलटी झाली, आता पोट साफ झालं" म्हणून घरी बसून राहू नका.

एरंड, बिट्टी, गुंज, काजरा

आता बाकीच्या चार ओळखून घ्या. या चंद्रज्योतीपेक्षाही जास्त घातक आहेत.

एरंड. पान हाताच्या पंजासारखं खोल फाटलेलं, कडेला दाते. फळांचा घोस येतो, प्रत्येक फळावर मऊ काटे. आत तीन बिया. बी गुळगुळीत, चकचकीत, राखी-तपकिरी नक्षीची, एका टोकाला छोटी गाठ. फुगलेल्या गोचिडासारखी दिसते. एरंडेल तेल औषधात वापरतात, म्हणून बीसुद्धा औषधी असेल असं वाटतं. तसं नाही. विष बीच्या चोथ्यात राहतं, नीट काढलेल्या तेलात येत नाही. बी चावून खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. त्रास सुरू व्हायला काही तास लागतात आणि नंतरच्या दिवसांत तो वाढत जातो. म्हणून मूल खेळतं आहे, बरं दिसतं आहे, एवढ्यावरून निश्चिंत होऊ नका. तेल काढल्यानंतरची पेंड गुरांनाही घालू नका, ती खत म्हणून शेतात टाका.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. देवाला वाहायला पिवळी फुलं मिळतात म्हणून दारात हे झाड असतंच. पानं लांब, अरुंद, चकचकीत. मोडलं की दुधासारखा चीक. फळ हिरवं, किंचित तिकोनी, पिकल्यावर काळं. आत कठीण तपकिरी बिट्टी, जिच्याशी मुली खेळतात. खेळायला हरकत नाही असं आपण आजवर समजत आलो, पण तिच्या आतला गर थेट हृदयावर काम करतो. उलट्या होतात, नाडी मंद आणि अनियमित होते. हे विष घरी उतरत नाही. हृदयाची पट्टी काढायची सोय असलेला दवाखानाच लागतो.

गुंज. हे झाड नाही, वेल आहे, पण कुंपणावर चढतो आणि बिया परसात पडतात. लालभडक बी आणि एका टोकाला काळा डोळा. सोनार पूर्वी याच गुंजेनं सोनं तोलत. कवच फार कठीण असतं. अख्खी बी गिळली तर बऱ्याचदा ती तशीच बाहेर पडते. पण चावली गेली, फुटली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर आतलं विष अंगात जातं, आणि ते एरंडाच्या विषाच्याच जातीचं, त्याहून तीव्र. गुंजेच्या माळा-कुड्या लहान मुलाच्या हाती देऊ नका.

काजरा, ज्याला काही ठिकाणी कुचला म्हणतात. कोकणातल्या मैत्रिणींना तो चांगला माहीत आहे. फळ पिकल्यावर नारिंगी, अगदी छोट्या संत्र्यासारखं. आत गरामध्ये चपट्या, गोल, राखी रंगाच्या बिया, बटणासारख्या, वर रेशमी लव. अतिशय कडू. खाल्ल्यावर अंग ताठ होतं, झटके येतात. याचं औषध करतात ते शुद्ध करून, वैद्याच्या हातानं. आपण घरी तो खटाटोप करायचा नाही.

खायच्या बिया, पण नीट ओळखून

आता चांगल्या बातमीकडे येऊ. परसातली आणि रानातली प्रत्येक बी वाईट नाही. काही तर बाजारात चांगल्या भावानं जातात.

देशी बदाम. शाळेच्या आवारात, देवळापुढे, किनाऱ्याच्या गावात हे झाड असतं. फांद्या खोडापासून आडव्या, मजल्यामजल्यानं निघतात, छत्र्या एकावर एक ठेवल्यासारख्या. पानं मोठी, टोकाकडे रुंद, गळण्याआधी तांबडी होतात. फळ चपटं, बदामाच्या आकाराचं, दोन्ही कडांना धार. वरचा गर मुलं खातात. आत धागेदार कठीण कवच, आणि ते फोडलं की बारीक गर. पक्की खूण ही : या गराची पाती कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळलेली असतात. हलक्या हातानं उलगडली तर उलगडतात. चंद्रज्योतीचा गर असा उलगडत नाही. एका फळात एकच बी, हीसुद्धा खूण.

चारोळी. विदर्भातल्या आणि सातपुड्याकडच्या मैत्रिणींना चार सांगायची गरज नाही. खोडाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. पानं जाड, लांबट, टोकाला गोलसर. उन्हाळ्यात छोटी फळं पिकून काळी-जांभळी होतात. आतली गुठळी कठीण, फोडली की तिचे बरोबर दोन भाग होतात आणि मध्ये चारोळी. पूर्ण पिकण्याआधी फळं ओरबाडू नका आणि फळांसाठी फांद्या तोडू नका. फांदी तोडली की पुढची दोन-तीन वर्षं ते झाड हातचं जातं.

काजू आणि बिब्बा. हे दोघं एकाच कुळातले, आंबा आणि चारही त्याच कुळातले. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलकडून गोव्यात आणला, बिब्बा आपल्याकडचाच. दोघांची खूण सारखी : बी फळाच्या आत नसते, बाहेर टोकाला चिकटलेली असते. बिब्ब्याची बी काळी, चकचकीत, चपटी, हृदयाच्या आकाराची, आणि ती नारिंगी बोंडावर बसलेली असते. पिकलेलं बोंड वाळवून किंवा भाजून खातात. बीच्या आतला गर म्हणजे गोडंबी, ती लाडवात घालतात.

पण या दोघांच्याही कवचात जाळणारं तेल असतं. बिब्ब्याच्या तेलानं परीट कपड्यावर खुणा करत, त्या धुतल्या तरी जात नसत. हेच तेल कातडीला लागलं तर फोड येतात, आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांचं सगळं तोंड सुजतं. म्हणून कच्चा काजू किंवा बिब्बा दातानं फोडायचा नाही. हाताला खोबरेल चोळून, सवय असलेल्या बाईनंच तो फोडायचा. भाजताना निघणारा धूरसुद्धा डोळ्यांना आणि छातीला वाईट, तेव्हा उघड्यावर भाजा आणि मुलांना लांब ठेवा. तेल अंगाला लागलंच तर साबण आणि भरपूर पाण्यानं लगेच धुवा, आणि तो हात डोळ्यांना लावू नका.

ना धड खायच्या, ना टाकायच्या

काही बिया मधल्या आहेत. करंजाची चपटी शेंग आणि आत एकच तांबूस बी : तेल दिव्याला आणि फवारणीला उपयोगी, खायला नाही. रिठ्याची काळी गोल बी : साल केसांना आणि दागिने धुवायला, बी खेळायला, पण तान्ह्या मुलाजवळ नको, घशात अडकते. सागरगोटा : काटेरी शेंगेतली राखी, दगडासारखी बी, खेळायची, खायची नाही.

बेहडा. फळ राखी, मखमली लव असलेलं, गोलसर. वरची साल त्रिफळात जाते. आतली बी फोडून गर खायची मुलांना सवय असते. जास्त खाल्ला तर गुंगी येते, डोकं दुखतं, उलट्या होतात. मुलांना तो खाऊ देऊ नका.

आणि दुसरा 'जंगली बदाम'. याची लाल, जाड, होडीसारखी फळं उकलतात आणि कडेला काळ्या बिया ओळीनं दिसतात. फुलांना घाण वास येतो, तीच मोठी खूण. काही भागांत बिया भाजून खातात, पण कच्च्या खाल्ल्या तर मळमळ आणि जुलाब होतात. सवय आणि पक्की माहिती नसेल तर सोडून द्या. देशी बदाम समजून कोणी याच्या बिया आणल्या तर हीच गफलत होते.

चार समजुती काढून टाका

"पाखरं खातात, म्हणजे माणसाला चालतं." नाही. पाखरू बी पुष्कळदा न फोडताच टाकतं, आणि त्याचं पोट वेगळं.

"गोड आहे, म्हणजे विषारी नाही." चंद्रज्योतीनं हे खोटं ठरवलं आहे.

"उकडलं, भाजलं की विष जातं." सगळ्यांचं जात नाही. चंद्रज्योतीतलं काही विष उष्णतेनंही टिकून राहतं.

"एखादी खाल्ली तर काय होतंय!" बिट्टी, गुंज आणि एरंडाच्या बाबतीत लहान मुलाला एखाददुसरी बीही फार होते.

मुलानं बी खाल्लीच तर

घाबरून रागावू नका. रागावलं की मूल लपवतं, आणि आपल्याला खरं कळणं जास्त गरजेचं असतं.

तोंडात उरलेले तुकडे बोटानं काढा, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध, ताक, तेल, लिंबू, झाडपाला असे उपाय करत वेळ घालवू नका. आपोआप उलटी होत असेल तर मुलाला कुशीवर झोपवा. शुद्ध हरपत असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका.

लगेच १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या वाहनानं जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. जाताना तीच बी, तिचं फळ आणि पान पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा : काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता. आणखी कोणी खाल्ली का तेही विचारून घ्या, कारण मुलं एकटी खात नाहीत. एक मूल सापडलं की त्याच्या सोबतच्या सगळ्यांची चौकशी करा, त्यांना त्रास सुरू झालेला नसला तरी.

गटानं करण्यासारखं

हे काम एकटीचं नाही, गटाचं आहे. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास या कामाला द्या. प्रत्येकीनं आपल्या परसातली एकेक बी, फांदीसकट आणायची. गावातल्या जाणत्या आजींना आणि आशाताईंना बोलवा. ओळख पटलेल्या बिया जाड पुठ्ठ्यावर पारदर्शक पट्टीनं चिकटवा. एका बाजूला 'खायच्या', दुसऱ्या बाजूला 'खायच्या नाहीत', खाली गावात चालणारी सगळी नावं लिहा. ज्या बीवर दोघींचं मत जुळत नाही, ती 'खायच्या नाहीत' कडेच लावायची. फळा अंगणवाडीत आणि शाळेत मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर टांगा.

नंतर अंगणवाडी, शाळा आणि पाणवठा या तीन जागांची एक चक्कर मारा. तिथल्या कुंपणात चंद्रज्योत किंवा एरंड असेल तर मुख्याध्यापकांशी आणि ग्रामपंचायतीशी बोलून ती झाडं काढायला लावा. त्या जागी मेंदी, अडुळसा किंवा निरगुडी लावता येते, जनावरं त्यांनाही फारसं तोंड लावत नाहीत. शेताच्या बांधावर मुलं जात नाहीत तिथली चंद्रज्योत राहू द्या. तिचं कुंपण म्हणून काम चालू आहे, सगळी तोडायची गरज नाही. मात्र बियाण्यासाठी किंवा तेलासाठी एरंडी घरात साठवली असेल तर ती तोंड बांधलेल्या पोत्यात, उंचावर आणि धान्यापासून वेगळी ठेवा. चारोळी, गोडंबी विकणाऱ्या गटांनी माल निवडताना अनोळखी बी दिसली तर ती बाजूला काढा. आपला माल कोणाच्या तरी घरात लाडवात जाणार आहे.

आणि मुलांना एकच वाक्य शिकवा, रोज शाळेत जाताना म्हणायला लावा : "आईला दाखवल्याशिवाय बी खायची नाही." नुसतं 'खाऊ नको' म्हटलं तर मूल चोरून खातं. 'दाखव' म्हटलं तर ते घेऊन येतं, आणि मग आपल्यालाही परसात काय वाढतंय ते कळतं.

आपल्या गावात एखादी वेगळी बी असेल, तिचं वेगळं नाव असेल, तर फांदीसकट पुढच्या बैठकीला आणा. तिच्यावर पुढच्या भागात बोलू.